पाय तेलावर उभा नसतो

१

काल्याच्या दिवशी दुपारी सर्वणात रस्त्यावर माणूस दिसत नव्हतं. सगळा गाव देवळात होता. संजना मोपाच्या विमानतळावर उतरली आणि घरी न जाता थेट गावावरच्या कातळपठारावर, सड्यावरच्या शेडकडे आली. चौदा वर्षं ती मोठी प्रवासी विमानं उडवत होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जे विमान उडवायचं होतं, ते तिच्या वडिलांचं होतं.

बाबुरावांनी ते चार आसनी विमान एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबाकडून आणलं होतं. सत्तर वर्षांपूर्वीची बांधणी, उडाल्यावर पोटात मुडपून घेतली जाणारी तीन चाकं, आणि ती चाकं हलवणारी तांबड्या तेलाच्या नळ्यांची गुंफण. ते उडालेलं पाहायचं भाग्य बाबुरावांना लाभलं नाही. ते गेल्यावर संजनाने काम पुढे चालवलं. रोजची देखरेख तिचा चुलतभाऊ परेश करायचा, दुरुस्ती निवृत्ती मेस्त्री.

शेडचं दार सरकवून ती आत आली आणि जागच्या जागी थांबली. विमान गुडघे टेकल्यासारखं पुढे वाकलं होतं. चाकांचे मागचे दोन पाय ताठ होते, पण पुढचा पाय पोटाखाली मुडपला होता आणि नाक कोंड्याच्या पोत्यांवर टेकलं होतं. पोत्यांवरून ओघळलेलं तांबडं तेल जमिनीवर साचलं होतं.

तिने परेशला फोन लावला. तो देवळातून धावत आला, कपाळावर गुलाल तसाच. त्याने एकदा तेलाकडे पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. निवृत्तीने बसवलेलं सील फुटलं, तेल गळून गेलं, पाय बसला. खाणीच्या डंपरवर काम शिकलेल्या माणसाच्या हाती विमान द्यायलाच नको होतं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

निवृत्ती मेस्त्री तेव्हा तिथे नव्हता. भावाच्या बाराव्यासाठी तो खानापूरकडच्या आपल्या गावी गेला होता. संध्याकाळी साडेपाचला बसमधून उतरून, खांद्यावरची पिशवी न उतरवता तो शेडमध्ये आला. विमानासमोर उभा राहिला. तेल पाहिलं, नाक पाहिलं, पोती पाहिली. पोत्यांवर त्याची नजर जरा जास्त वेळ थांबली. मग तो संजनाला म्हणाला,

"व्हय मॅडम. माझंच सील गेलं असणार. दोष माझा."

२

चोपड्याचा सगुण तीस वर्षं वास्कोला नौदलाच्या विमानांवर होता, आणि त्यातली बहुतेक वर्षं त्याने फक्त विमानांचे पाय दुरुस्त केले होते. निवृत्त झाल्यावर त्याने एक लहान होडी घेतली. आता तो शापोरा नदीच्या पाण्यात जाळी टाकायचा. बाबुरावांचा तो जुना मित्र, म्हणून संजना त्याला काका म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुण्यांना फोन करून उड्डाणाचा कार्यक्रम रद्द केल्यावर तिने त्याला बोलावून घेतलं.

तो आला तो हात पाठीमागे बांधून. अर्धा तास त्याने कशालाही हात लावला नाही. आधी ताठ उभ्या असलेल्या मागच्या पायांपाशी उकिडवा बसला. बोटाएवढ्या जाडीच्या पिनी, तिरक्या दांड्या, कळ्यांसारखे मिटलेले सांधे. ज्या कोणी हे सत्तर वर्षांपूर्वी कागदावर रेखलं, त्याच्या डोक्यात एकाच वेळी किती गोष्टी असतील, हे त्याला आयुष्यभर नवल वाटत आलं होतं. जवळजवळ एका टनाचं यंत्र धावपट्टीवर आदळतं, आणि ते सगळं ओझं एवढ्याशा लोखंडाने झेलायचं. पुन्हा त्याच लोखंडाने क्षणभरात पाखराच्या पायासारखं पोटात मुडपायचं.

मग तो पुढच्या पायाकडे गेला. वाकून पाहिलं.

परेशने पुन्हा सीलचा विषय काढला. सगुणने त्याला बोलू दिलं. तो थांबल्यावर सगुणने संजनाला जवळ बोलावलं.

"बाय, हा पाय तेलावर उभा नसतो," तो म्हणाला. "तेल फक्त त्याला हलवतं. उभा राहतो तो सांध्यावर. आपला गुडघा सरळ करून किंचित मागे ताणला की कसा अडकतो, तसा हा सांधा सरळ रेषेच्या जरा पलीकडे जाऊन बसतो. वरून वजन आलं की आणखी घट्ट होतो. सगळं तेल काढून टाकलं तरी विमान वर्षभर उभं राहील."

"मग पडला कसा?" संजनाने विचारलं.

"गळतीने हा पडत नाही गो. त्याला पाडायलाच तेल लागतं. कोणीतरी आत बसलं, चाकं वरखाली करायची दांडी वर केली आणि हातपंप मारला. पुढच्या पायावर वजन सगळ्यांत कमी, म्हणून तो आधी सुटला. नळी फुटली ती त्यानंतर, पाय मुडपताना."

परेशने आतली ती दांडी दाखवली. ती खालीच होती, चाकं बाहेर असताना असते तशी. सगुणने मान हलवली. ज्याने वर केली त्याने नंतर खाली केली, एवढंच तो म्हणाला.

शेडला दोन किल्ल्या होत्या. एक परेशच्या खिशात असायची. दुसरी शेडला लागून असलेल्या खोलीत, निवृत्तीच्या घरात.

३

संजनाचा पहिला संशय परेशवर गेला, आणि त्याला कारण होतं. परेशचं मांद्र्याला गेस्टहाऊस होतं. विमान तिथल्या अंगणात मांडून ठेवावं, लोक बघायला येतील, असं त्याने बाबुरावांच्या माघारी दोनदा सुचवलं होतं. संजनाने दोन्ही वेळा नकार दिला होता. ज्याला विमान जमिनीवर हवं, त्यानेच ते जमिनीवर आणलं असावं, असं तिने सगुणला बाजूला घेऊन सांगितलं.

परेशला हे कळलं तेव्हा तो दुखावला. पहाटेपासून दुपारपर्यंत तो देवळात होता, हे अर्ध्या गावाने पाहिलं होतं. आणि आजचा कार्यक्रम तर त्यानेच ठरवला होता. पत्रिका वाटल्या होत्या, मंडप सांगितला होता. पाहुण्यांसमोर नाक कापलं गेलं ते त्याचं.

त्याने पुरावा म्हणून मोबाईल पुढे केला. काल्याच्या आदल्या संध्याकाळचा फोटो. विमान तिन्ही पायांवर उभं, नाकावरच्या पंख्याचं एक पातं सरळ वर आणि एक सरळ खाली, वरच्या पात्याला झेंडूचा हार.

सगुणने फोटो मोठा करून पाहिला. मग विमानाकडे पाहिलं. आता पाती आडवी होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. हार उजव्या पात्याच्या टोकाला लोंबत होता.

"नाक खाली येणार असेल आणि पातं उभं असेल, तर ते जमिनीवर आपटून वाकतं," तो म्हणाला. "पाती वाकली म्हणजे इंजिनही उघडावं लागतं. ज्याने पाय पाडला, त्याने आधी पंखा फिरवून आडवा केला."

मग त्याने पोत्यांकडे बोट केलं. शेडमध्ये सांडलेलं तेल टिपायला भाताच्या कोंड्याची पोती नेहमी कोपऱ्यात रचून ठेवलेली असत. परेशच्या मते तेल सांडल्यावर कोणीतरी घाईघाईने ती पुढे ओढली असणार. सगुणने कडेचं एक पोतं उचललं. पोत्याची वरची बाजू तेलाने भिजली होती. खालची जमीन कोरडी होती.

पोती आधी आली होती. तेल नंतर. कोणीतरी विमानाच्या नाकाखाली गादी अंथरून मग त्याला खाली बसवलं होतं. सगळं नुकसान म्हणजे पायाच्या खोबणीची वाकलेली दोन झाकणं आणि एक फुटलेली नळी.

सगुण पोत्याशेजारी तसाच बसून राहिला. तीस वर्षांत त्याने हलगर्जीपणा पाहिला होता, खुन्नस पाहिली होती. पण असा घातपात त्याने पाहिला नव्हता. निजलेल्या मुलाच्या मानेखाली हात घालावा तसा केलेला.

"हा शत्रू नव्हे," तो संजनाला म्हणाला. "ह्याचा विमानावर जीव आहे. त्याला विमान मोडायचं नव्हतं. फक्त आज सकाळी ते उडू द्यायचं नव्हतं."

४

उरला निवृत्ती. पण तो सकाळी गावी होता आणि दुपारभर बसमध्ये. तिकीट खिशात होतं, आणि बसवाल्याने फोनवर तसंच सांगितलं.

सगुण त्याच्याजवळ गेला तेव्हा तो कामाच्या टेबलाशी बसून फुटलेली नळी पुसत होता. सगुणने त्याला पुढच्या पायाचा हायड्रॉलिक सिलिंडर उघडून दाखवायला सांगितलं. निवृत्तीने तो उघडला. सीलं जागच्या जागी होती. काळी, मऊ, कडा अखंड. आतली भिंत आरशासारखी घासलेली. सगुणने त्यात बोट फिरवलं आणि विचारलं, हे कशाने घासलं. निवृत्तीने लाजत सांगितलं, मशीन नव्हतं म्हणून लाकडी दांड्याला चामडं गुंडाळून, अकरा दिवस हाताने.

मोठमोठ्या कार्यशाळांत सगुणने ह्याहून चांगलं काम क्वचितच पाहिलं होतं. त्याने ते तसं बोलून दाखवलं. निवृत्तीने मान खाली घातली.

"मेस्त्री, एक सांगा," सगुण म्हणाला. "सांध्याचं लॉक कसं बसतं हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच ते जुळवलंय, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. असा माणूस तेल गळून पाय पडला म्हणतो, हे मला पटत नाही."

निवृत्तीने नळी पुन्हा पुसायला घेतली.

"तुम्ही काल इथे उभं राहून पोती बघितली. त्यावरून तुम्हाला काहीतरी कळलं. आणि मग तुम्ही दोष अंगावर घेतला."

निवृत्तीने नळी टेबलावर ठेवली. तो एवढंच म्हणाला की त्याला कामावरून काढलं तरी चालेल, पोलिसात दिलं तरी चालेल, पण आणखी कुणाला काही विचारू नये.

सगुणने आणखी काही विचारलं नाही. तो शेडच्या मागच्या पडवीत गेला. तिथे सुटे भाग धुवायचा मोठा पत्र्याचा ट्रे होता, रॉकेलने भरलेला. दीड वर्षं ह्या विमानाचा प्रत्येक नट, प्रत्येक पिन, प्रत्येक दांडी त्या ट्रेमधून गेली होती. परेशच्या बोलण्यात किंवा संजनाच्या संशयात एकदाही न आलेली एक व्यक्ती ते सगळं धूत होती. निवृत्तीची बायको, चंद्रभागा.

ट्रेच्या तळाशी पांढरा गाळ बसला होता. सगुणने चिमूट उचलून बोटांत चोळली. मळ नव्हता तो, गंजही नव्हता. पिठासारखा बारीक दगड होता.

बाजूलाच खोलीचा उंबरठा होता. उंबरठ्यासमोर सकाळची रांगोळी.

५

चंद्रभागा पन्नाशीच्या आसपासची, उंच, कमी बोलणारी बाई होती. सगुण ओसरीच्या पायरीवर बसला. तिने चहा आणि उंडे पाव आणून ठेवले. त्याने चहा घेतला आणि मग सरळ विचारलं, विमानाच्या भागांवर रांगोळी कशाला टाकली होती.

ती त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या दिवसांत तिला तिच्या कामाबद्दल काही विचारणारा हा पहिलाच माणूस होता. मग ती खाली बसली आणि सगळं सांगू लागली.

नवरा गावी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती डाव्या पायाची तिरकी दांडी धूत होती. रंगाला द्यायच्या आधीचं शेवटचं धुणं. फडक्याने कोरडी करून ठेवली. थोड्या वेळाने बघते तर कानाजवळ, जिथे पिन जाते तिथे, पुन्हा ओल. पुसली. पुन्हा आली.

"लोखंड काय घामेजत न्हाई, दादा," ती म्हणाली. "आतून येत व्हतं ते. म्हंजी आत जायला वाट हाय."

डंपरच्या जाड पिनींवर चुना फासून चीर कशी बघतात, हे नवऱ्याने एकदा दाखवलं होतं. चुना हाताशी नव्हता. तिने रांगोळी लुगड्याच्या जुन्या तुकड्यातून चाळून घेतली, दांडी रॉकेलमध्ये बुडवून काढली, लख्ख पुसली, आणि वरून ती धूळ भुरभुरली. मग बाजूला बसून वाट पाहिली. पांढऱ्या भुकटीवर हळूहळू एक ओली रेघ उमटली. केसाएवढी बारीक, करंगळीएवढी लांब.

सगुणच्या हातातला चहा निवून गेला होता. अशी चीर शोधायला नौदलात परदेशी रसायनं लागायची, अंधारी खोली लागायची, निळे दिवे लागायचे. आणि ही बाई उंबरठ्यावर बसून, चिमूटभर रांगोळीने.

तिने परेशला बोलावून ती रेघ दाखवली होती. त्याने बघितली. ओरखडा आहे, म्हणाला. मॅडमना विचारून सांगतो, म्हणाला. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की मॅडमना चालतंय, आणि त्याच दुपारी दांडीवर स्वतः रंग मारून ती बसवलीही. नवऱ्याला तिने दोनदा फोन केला, पण बाराव्याच्या गडबडीत त्याचा फोन बंद होता.

"मॅडमनाच चालतंय म्हटल्यावर मी कुणाला सांगणार? सगळी देवळात गेल्यावर दार उघडून आत बसले. हे एकदा म्हणाले व्हते, चाकं सोडून विमानाचं काय बी जमिनीला टेकलं, तर सगळं उघडून बघावंच लागतं. इंजिनाची चावी बंद हाय का बघितली. पंखा आडवा केला. पोती लावली. मग दांडी वर करून पंप मारला, ह्यांचं बघून ठाऊक व्हतं. त्येला लागू नये म्हणून लई जपलं."

निवृत्ती दारात येऊन उभा होता. पोती तिने एकाआड एक, सांधे झाकून रचली होती. घरात पावसाळ्यासाठी लाकडं रचते तशी. ते त्याने पाहताक्षणी ओळखलं होतं. तिने हे का केलं हे त्याला ठाऊक नव्हतं. कारणाशिवाय ती करणार नाही, एवढं ठाऊक होतं.

संजना पडवीच्या खांबाला टेकून सगळं ऐकत होती.

"मला कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

६

डाव्या पायाची दांडी निवृत्तीने स्वतः उतरवली. सगुणने कानाजवळचा ताजा रंग खरवडला. उघड्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. परेश समोर उभा होता. तो म्हणाला, बघा, ओरखडासुद्धा नाही.

सगुणने दांडी टेबलावरच्या शिकंज्यात आवळली, तिच्या टोकात हातभर पाइप घातला आणि चंद्रभागाला पुढे बोलावलं. तुम्हीच दाबा, म्हणाला. तिने दोन्ही हात ठेवले आणि दाबलं. फारसा जोरही लावला नव्हता. काटकी मोडल्यासारखा आवाज झाला आणि कान तुटून हातात आला.

सगुणने तुटलेली बाजू उजेडात धरली. पृष्ठभाग जवळजवळ सगळा काळपट तपकिरी होता, वर्षानुवर्षं हवा आणि ओल लागलेला. फक्त एका कडेला, नखाच्या कोरीएवढी, नव्या लोखंडाची चकाकी होती. आत्ता तुटलं ते तेवढंच. तेवढ्याच कोरीवर आज सकाळचं सगळं उड्डाण उभं राहणार होतं. संजनाने बोटाने त्या चकाकीला स्पर्श केला, आणि बराच वेळ बोट तिथून उचललं नाही.

परेश स्टुलावर बसला. हळूहळू त्याने सांगितलं. ती दांडी तपासणीसाठी बाहेर पाठवायची होती, ते राहून गेलं, आणि नोंदवहीत मात्र त्याने तपासली असं लिहून टाकलं होतं. चंद्रभागाने रेघ दाखवली तेव्हा पत्रिका वाटून झाल्या होत्या. खरं सांगायचं तर नोंद खोटी होती हेही सांगावं लागलं असतं. एका धुणाऱ्या बाईला लोखंडातलं काय कळणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. संजना आत बसणार आहे, हा विचार त्याने मनात येऊच दिला नाही.

त्याने शेडची किल्ली टेबलावर ठेवली. संजनाने ती उचलून चंद्रभागाच्या हातात दिली.

परेश मांद्र्याला परत गेला. महिन्याभराने तो पायी सडा चढून आला आणि चंद्रभागासमोर हात जोडून उभा राहिला. तिने त्याला बसायला सांगितलं, आणि चहा दिला.

नवी दांडी यायला चार महिने लागले. तोवर विमानाचा एकूण एक भाग पुन्हा उघडला गेला, धुतला गेला, आणि ह्या वेळी चंद्रभागा हो म्हणाल्याशिवाय कशालाच रंग लागला नाही. सगुण होडी नदीकाठी बांधून आठवड्यातून तीनदा यायचा. शिकवायला येतो, असं तो लोकांना सांगायचा. शिकायला जातो, असं घरी बायकोला सांगायचा.

उड्डाणाला पत्रिका नव्हत्या, मंडप नव्हता. मार्गशीर्षातली स्वच्छ सकाळ होती. संजनाने शेजारची जागा रिकामी ठेवली होती. चंद्रभागा नको नको म्हणत होती, पण निवृत्तीने तिला हात धरून वर चढवलं.

विमान सड्याच्या टोकापर्यंत धावलं आणि जमीन सुटली. खाली उभ्या दोघा पुरुषांनी तिन्ही पाय एकामागून एक पोटात जाताना पाहिले. निवृत्ती मांडी घालून जमिनीवर बसला. सगुणने टोपी काढून हातात घेतली, देवळात शिरताना चपला काढाव्यात तशी. त्याने आयुष्यात हजारो वेळा हे पाहिलं होतं. तरी विमान दिसेनासं होईपर्यंत त्याने टोपी पुन्हा घातली नाही.

वीस मिनिटांनी विमान उतरलं. चंद्रभागा खाली आली, पदर सारखा केला आणि काही क्षण पंखाला हात लावून उभी राहिली. सगुणने तिला विचारलं की वरून काय काय दिसलं, सर्वण दिसलं का, नदी दिसली का.

"काय बी बघितलं न्हाई, दादा," ती म्हणाली. "डोळं मिटून आवाज ऐकत व्हते. सगळं बरोबर वाजत व्हतं."